सार्डिनियाचा हिशेब आणि ले माँचा पाऊस

काझुनोरी यामाउची आणि त्यांचे सहकारी यांनी सुमारे पाच वर्षे खपून सिद्ध केलेला ‘ग्रॅन टुरिस्मो’ हा मोटारशर्यतीचा खेळ 23 डिसेंबर 1997 रोजी जपानात प्लेस्टेशनवर प्रसिद्ध झाला, तेव्हा खेळाडूच्या हाती गाडी देण्याआधी त्याने 10,000 क्रेडिटची रोकड ठेवली. तोवरच्या व्हिडिओ गेम पार्लरांतील शर्यतींत नाणे टाकताच भरधाव गाडी पुढ्यात येई आणि थोड्याच मिनिटांत नाहीशी होई. ती कोणाचीच नसे. येथे मात्र वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात हिंडून ऐपतीत बसेल अशी एखादी जुनी होंडा किंवा माझ्दा पारखून घ्यायची, ती घेऊन ‘संडे कप’सारख्या किरकोळ शर्यतीत उतरायचे, मिळालेल्या बक्षिसातून एक्झॉस्ट बदलायचा, पुढल्या बक्षिसातून टायर घ्यायचे, मधूनच लायसन्सच्या परीक्षेत ब्रेक कोठे दाबावा आणि कोठे सोडावा याचे धडे गिरवायचे, आणि गाठीला पुरेशी पुंजी जमली म्हणजे जुन्या गाडीचा निरोप घेऊन नवीचे स्वागत करायचे, असा त्या खेळाचा प्रपंच होता. त्या काळी तो खेळलेल्या कोणालाही आपली पहिली गाडी आठवते, रंगासकट आठवते. एक्झॉस्ट बदलल्यावर वाढलेली थोडीशी अश्वशक्ती काल ज्या वळणानंतर गाडी दमली होती त्याच वळणानंतर आज हाताला जाणवे, आणि त्यामुळे कमाई आणि सुख यांच्यामध्ये हिशेबनीसाला बसायला जागाच उरत नसे.

जवळजवळ पाव शतकानंतर, 4 मार्च 2022 रोजी, त्याच मालिकेतला ‘ग्रॅन टुरिस्मो 7’ हा खेळ आला. तो मी गेली काही वर्षे मनापासून खेळत आले आहे, आणि आज जे लिहीत आहे ते त्यातील अर्थव्यवहाराविषयी. कारण या खेळातले माझे सुखदुःख पुष्कळ अंशी त्याच्याशी बांधलेले आहे.

या खेळाचा पूर्वार्ध कॅफेत जातो. तेथला लुका नावाचा अगत्यशील यजमान खेळाडूला एकामागून एक ‘मेन्यू बुक’ देतो: अमुक तीन गाड्या जिंकून आण, तमुक शर्यत पुरी कर. प्रत्येक पुस्तक मिटताना त्या गाड्यांचा इतिहास दोन-चार वाक्यांत सांगितला जातो आणि बक्षिसे आपोआप पदरात पडतात. जोवर ही पुस्तके चालू असतात तोवर शिल्लक किती आहे याकडे फारसे कोणी पाहत नाही. ती संपतात, यजमान हसून निरोप देतो, आणि मग खेळाडू त्या दुकानाच्या दारात येऊन उभा राहतो जेथे दुर्मीळ, ऐतिहासिक गाड्या विकायला ठेवलेल्या असतात. या दुकानातले भाव जुन्या मोटारींचे मूल्यांकन करणाऱ्या हॅगर्टी या खऱ्या अमेरिकन संस्थेच्या आकड्यांशी जोडलेले आहेत. सर्वांत महाग गाडीचे मोल 2 कोटी क्रेडिटपर्यंत जाते. आणि कोणतीही गाडी तेथे कायम राहत नाही. काही दिवस मांडलेली असते, मग ‘विकली गेली’ असे लिहिले जाते, आणि पुन्हा कधी येईल ते दुकानदार सांगत नाही.

माझा जीव जडला आहे तो त्या दुकानातल्या मॅक्लॅरेन एफ1 या गाडीवर. गॉर्डन मरे यांनी आखलेल्या या गाडीत चालकाची बैठक अगदी मधोमध आहे, दोन सोबत्यांच्या जागा तिच्या दोन्ही बाजूंना जराशा मागे आहेत, आणि बीएमडब्ल्यूचे बारा सिलिंडरांचे इंजिन ज्या कप्प्यात बसवले आहे त्याला उष्णता परतवण्यासाठी आतून सोन्याच्या वर्खाचे अस्तर दिलेले आहे. सगळ्या प्रकारच्या मिळून अवघ्या 106 गाड्या तयार झाल्या. खेळात तिची किंमत दोन कोटींच्या घरात जाते. ती मला हवी आहे, आणि मग प्रश्न येतो तो इतका पैसा आणायचा कोठून.

पैसा मिळतो, पण सर्व शर्यतींत सारखा मिळत नाही. ले माँच्या अर्ध्या तासाच्या शर्यतीत पहिल्या क्रमांकाला 5,50,000 क्रेडिट मिळतात, आणि कोणाला धक्का न देता, भिंतीला न घासता ती पुरी केली तर निम्मी रक्कम वर, म्हणजे एकूण 8,25,000. टोकियोच्या उंच रस्त्यांवरील बारा फेऱ्यांच्या शर्यतीचे इनामही तेवढेच. स्पा येथे तासाभराच्या शर्यतीत निष्कलंक विजयाला 15 लाख. सार्डिनियाच्या पंधरा फेऱ्यांना 7,35,000. आकडा लहान दिसतो, पण ती शर्यत लवकर आटोपते आणि तेथे आकाश खेळाडूचा घात करीत नाही, म्हणून दर तासाच्या हिशेबात ती वरचढ ठरते. खेळाडूंच्या बोलीत एकच शर्यत पैशासाठी पुन्हा पुन्हा मारण्याला ‘ग्राइंड करणे’ म्हणतात, आणि ग्राइंड कोठे करावे यावर त्यांच्यात जेवढी चर्चा होते तेवढी क्वचितच एखाद्या गाडीच्या सौंदर्यावर होत असेल.

माझा भाचा नाशिकला असतो. तो या शास्त्रात पारंगत आहे. त्याने एका वहीत प्रत्येक शर्यतीची खतावणी ठेवली आहे: फेरीची सरासरी वेळ, इंधन किती उरले, पिटमध्ये किती सेकंद गेले, पडदा काळा होऊन पुन्हा उजळेपर्यंत किती गेले, आणि शेवटच्या रकान्यात मिनिटाला पडलेले क्रेडिट. सुट्टीत आला होता तेव्हा माझ्या शेजारी बसून तो म्हणाला, “मावशी, तू ले माँला उगीच वेळ घालवतेस. तिथे पाऊस येतो, टायर बदलावे लागतात, शर्यत लांबते. सार्डिनिया धर. महिन्याभरात तुझी मॅक्लॅरेन येईल.”

“आणि मला ले माँ आवडत असेल तर?”

“आवडण्यासाठी गाडी आल्यावर जा की.”

त्याच्या या उत्तरात अर्थशास्त्राच्या दृष्टीने काहीच चूक नव्हती, आणि म्हणूनच ते माझ्या मनात पुष्कळ दिवस घोळत राहिले.

बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने 1978 साली ‘द ग्रासहॉपर’ या ग्रंथात खेळाचे जे लक्षण सांगितले, त्याचा आशय असा की खेळात माणूस सर्वांत सोयीचा मार्ग बुद्ध्याच टाकून देतो आणि नियमांनी घातलेली अडचण आपणहून पत्करतो. गोल्फचा चेंडू हाताने उचलून खळग्यात ठेवणे सर्वांत कार्यक्षम खरे, पण तसे करणारा गोल्फ खेळत नसतो. मोटारशर्यतीच्या खेळात हे तत्त्व आणखी एका पायरीने गुंतागुंतीचे होते. रस्त्यावर असेपर्यंत खेळाडू अडचणींचा स्वीकार करतो. वळण कापून सरळ गवतातून गेला तर दंड होतो, आणि तो दंड त्याला न्याय्य वाटतो. पण गराजात परतून पैशाचा विचार सुरू झाला की ज्या सोयीच्या मार्गाला त्याने मुख्य दरवाजातून हाकलले, तोच परसदाराने आत येतो आणि विचारतो, की सर्वांत कमी कष्टांत, सर्वांत कमी वेळात, सर्वांत जास्त कोठे मिळेल? या प्रश्नाचा पाठपुरावा शेवटपर्यंत केला तर तो कोठे नेतो, हेही खेळाडूंनी करून पाहिले आहे. या खेळाच्या प्रारंभीच्या काळात काहींनी दूरस्थ खेळण्याची सोय वापरून संगणकावर अशी आज्ञावली बसवली की गाडी रात्रभर आपली आपणच धावेल, शर्यत संपली की पुन्हा सुरू होईल, आणि सकाळी मालक उठेल तेव्हा तिजोरीत भर पडलेली असेल. त्याहून साधी जुनी युक्ती म्हणजे कंट्रोलरला रबर गुंडाळून ठेवणे. ही माणसे आळशी होती असे मला वाटत नाही. नोकरी, मुले, घर यांतून उरलेली रात्रीची एखादी घटका ज्याच्या हाती आहे आणि दोन कोटींची गाडी ज्याला हवी आहे, त्याने असा उपाय शोधणे मला समजते. पण त्या व्यवस्थेत खेळाडू झोपलेला असतो आणि खेळ जागा असतो, ही गोष्ट कार्यक्षमतेच्या अंतिम टोकाबद्दल जे सांगायचे ते सांगून जाते.

येथे 2022च्या मार्चमधील प्रकरण आठवल्यावाचून राहत नाही. त्या महिन्याच्या मध्यास आलेल्या एका सुधारणेने काही शर्यतींची बक्षिसे कमी केली, आणि त्याच वेळी सर्व्हर तीस तासांहून अधिक काळ बंद राहिला. एकट्याने खेळायच्या भागालाही जोडणी लागत असल्याने जवळजवळ अवघा खेळ ठप्प झाला. तशात 20 लाख क्रेडिट सुमारे 20 डॉलरला विकत मिळत होते, म्हणजे सर्वांत महाग गाडीसाठी 200 डॉलर मोजावे लागले असते. खेळाडूंचा क्षोभ अनावर झाला. यामाउची यांनी आपली बाजू मांडली तिचा मथितार्थ असा होता की गाडीचे मोल आणि दुर्मीळपण खेळाडूला जाणवले पाहिजे, म्हणून किमती वास्तवाला धरून असणे महत्त्वाचे आहे. पुढे त्यांनी क्षमा मागितली, प्रत्येकाला 10 लाख क्रेडिट देऊ केले, आणि एप्रिलच्या सुधारणेत बक्षिसे पुष्कळ वाढवली. आज मी ज्या रकमा वर दिल्या आहेत त्यांतील बहुतेक त्या माघारीचे फळ आहेत.

मला यामाउची यांचे म्हणणे निम्मे पटते, आणि ते निम्मे मी कोणाच्याही रागाखातर सोडायला तयार नाही. जी गाडी मागताक्षणी मिळते तिच्याकडे आपण वळूनही पाहत नाही. चारशेहून अधिक गाड्यांच्या या संग्रहात मला सहज मिळालेल्या कितीतरी गाड्यांची नावेही मला आठवत नाहीत. किंमत हवी. पण किंमत भारी करून ठेवणाऱ्यावर एक जबाबदारीही येते: त्या किमतीपर्यंत जाणारा रस्ता त्याने चालण्याजोगा केला पाहिजे. 1997च्या खेळात दारिद्र्य होते आणि ते गोड होते, कारण प्रत्येक लहान कमाई नव्या शर्यतीकडे, नव्या यंत्राकडे, नव्या परीक्षेकडे घेऊन जाई. पंचवीस वेळा तीच शर्यत मारून मिळणारी संपत्ती खेळाडूला कोठेच घेऊन जात नाही. तो जेथे होता तेथेच राहतो आणि आकडा वाढतो. बक्षिसे वाढवल्याने हे दुःख हलके झाले, पण त्याची जात बदलली नाही.

तरीही भाच्याच्या वहीकडे मी जसजशी बारकाईने पाहू लागले, तसतसे मला दिसू लागले की त्या वहीत केवळ लोभ नाही. सार्डिनियात एक पिट-स्टॉप वाचवता येईल का, हे त्याने कितीतरी संध्याकाळी तपासून पाहिले होते. या खेळात इंधनाचा पुरवठा एकपासून सहापर्यंतच्या पायऱ्यांनी पातळ करता येतो; सरळ रस्त्यावर कोणती पायरी, दुसऱ्या गाडीच्या पाठीशी लागून वारा चुकवताना कोणती, वळणाआधी गॅस सोडून गाडी नुसती वाहू दिली तर किती थेंब वाचतात, याच्या नोंदी त्याने अशा निगुतीने केल्या होत्या की एखाद्या जुन्या तहशिलीतल्या कारकुनाला त्या अक्षराचा अभिमान वाटावा. ज्या दिवशी त्याला ते गणित सुटले त्या दिवशी त्याने मला फोन केला तो क्रेडिटबद्दल बोलायला नव्हे. शेवटच्या फेरीत गाडीत इतके थोडे इंधन होते, अन् ती तरीही रेषेपलीकडे गेली, हे तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता. तो आनंद अस्सल होता. कार्यक्षमतेचा शोध हाही एक खेळच आहे, आणि कदाचित मोटारशर्यतीच्या हृदयाशी त्याचे नाते मी समजत होते त्याहून जवळचे आहे. शेवटी खरी शर्यत जिंकणारे अभियंते दुसरे काय करतात?

मात्र गणित सुटल्यानंतरचे आठवडे निराळे गेले. उत्तर ठाऊक झाले होते, आणि ते रोज लिहून काढायचे एवढेच उरले होते. त्याचे फोन थांबले. विचारले तर म्हणे, “चाललंय. रोज दोन शर्यती.” त्या ‘चाललंय’मध्ये मला सरकारी कचेरीतला चार वाजल्यानंतरचा सूर ऐकू आला, आणि माझ्यापुरता या प्रश्नाचा उलगडा तेथे झाला. हिशेब आणि आनंद यांचे वैर नाही. हिशेब जुळवताना मन जागे असते; जुळलेला हिशेब वसूल करताना ते झोपी जाते, आणि मग हाताखालची गाडी कोणती आहे याने काही फरक पडत नाही.

ले माँ मला का सोडवत नाही याचे कारणही याच उलगड्यात आहे. तेथले उत्तर दुसऱ्या दिवशी लागू पडेलच असे नसते. तेरा किलोमीटरांहून अधिक लांबीची ती एक फेरी. सुरुवातीला डनलॉपच्या पुलाखालचा चढ, तेर्त्र रूजचे उजवे वळण, मग म्यूल्सानचा तो प्रदीर्घ सरळ रस्ता, ज्याच्या मध्ये 1990 सालापासून दोन ठिकाणी वेग मोडणारी वळणे घातलेली आहेत. आकाश काळे होऊ लागले की मी रडारचा छोटा चौकोन उघडते. ढगांचे निळे पुंजके मंडलाकडे सरकत असतात, आणि ते पिटच्या दारापर्यंत या फेरीत पोहोचतील की पुढच्या, हे ताडायचे असते. आता ओल्या रस्त्याचे इंटरमीडिएट टायर घातले आणि पाऊस आला नाही तर कोरड्या रस्त्यावर ते झिजून जातील. घातले नाहीत आणि पाऊस आला तर उरलेले अख्खे वर्तुळ कोरड्याच्या टायरांवर, बर्फावरून चालल्यासारखे, कापायचे. इतके मोठे मंडल की म्यूल्सानला रस्ता कोरडा असतो आणि आर्नाजला पाणी साचलेले असते. अशा वेळी पोर्शे वळणांच्या मालिकेत गाडी शिरते तेव्हा मी गॅसवर बोट ठेवते ते जेमतेम टेकलेले. मागचे चाक जरा घसरले की कंट्रोलर तळहातात थरथरतो, आणि ती थरथर थांबेपर्यंत बोट तसेच धरून ठेवायचे असते, कारण दचकून सोडले तर गाडी फिरते. पुढे एक गाडी आहे, तिच्या चाकांमागून उडणाऱ्या पाण्याच्या धुरळ्यात तिचे लाल दिवे तेवढे दिसतात. तिला या वळणात ओलांडण्याचा मोह होतो. पण धक्का लागला तर 2,75,000 गेले. पूर्वी या निष्कलंकतेच्या बक्षिसाचा मला राग येई. आता वाटते, खेळाच्या अर्थव्यवस्थेत जर एखादी तरतूद खरोखर शहाणपणाची असेल तर ती हीच, कारण येथे पैसा मला तेच करायला सांगतो जे उत्तम चालकाने एरवीही केले असते: थांब, त्याच्या मागे राहा, म्यूल्सान येऊ दे.

आणि त्या रस्त्यावर पावसात असताना 1995 साल आठवतेच. त्या वर्षी, शर्यतीचा फार मोठा भाग पाण्यात गेला असताना, ले माँची चोवीस तासांची शर्यत मॅक्लॅरेन एफ1 जीटीआर या गाडीने पहिल्याच प्रयत्नात जिंकली. जी गाडी मूळ रस्त्यावर चालण्यासाठी आखली होती, शर्यतीसाठी नव्हे, तिचेच हे शर्यतीचे रूप. जे. जे. लेहतो, यानिक दाल्मास आणि मासानोरी सेकिया असे तिघे ती आळीपाळीने चालवीत होते. रात्रीच्या पावसात लेहतो यांनी जे चालवले त्याची आठवण मोटारशर्यतींचे रसिक अजून काढतात, आणि सेकिया हे ले माँ जिंकणारे पहिले जपानी चालक ठरले. मी ज्या गाडीसाठी साठवणूक करते आहे तिची धाकटी बहीण ज्या वळणांवर भिजली, त्या वळणांवर भिजत तिची किंमत जमवावी, यात मला अर्थ दिसतो. आणि हा अर्थ मिनिटाला पडणाऱ्या क्रेडिटच्या रकान्यात मांडता येत नाही म्हणून तो कमी खरा आहे असे मी मानत नाही. पावसात घातलेली एकेक फेरी त्या गाडीची मला ओळख करून देते. सार्डिनियाच्या उन्हात मिळवलेले सात लाख पस्तीस हजार तसे काही करीत नाहीत.

भाच्याला हे मी अशा शब्दांत सांगितले नाही. त्याचा मार्ग त्याने आपला आपण काढला. अलीकडे तो सार्डिनियाला जातो ते त्या शर्यतीला मुळीच न शोभणाऱ्या, कमकुवत गाड्या घेऊन. परवा एका जुन्या, हलक्या जपानी गाडीने त्याने ती जिंकायचा ध्यास घेतला होता. कधी पहिला येतो, कधी चौथा. वहीतला मिनिटाचा दर निम्म्यावर आला आहे आणि फोन पुन्हा सुरू झाले आहेत. इंधनाची कोणती पायरी, या प्रश्नाला त्या गाडीत निराळे उत्तर आहे, असे तो मोठ्या उत्साहाने सांगतो.

मॅक्लॅरेन या आठवड्यात दुकानात आली आहे. नियमाप्रमाणे काही दिवसांत ती निघून जाईल, आणि माझ्या शिलकीत अजून तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशही जमलेले नाहीत. सार्डिनिया धरली, रोज रात्री जागले, तर कदाचित मुदतीत जमेल. भाच्याने तसा तक्ता करूनही पाठवला आहे, खाली ‘मावशी, फक्त एवढेच दिवस’ अशी गळ घातली आहे. मी त्याला कळवले की या खेपेला ती जाऊ देते. दुकानातल्या गाड्या फिरून येतात, ही येईल तेव्हा येईल. आज रात्री मी ले माँलाच उतरणार आहे. गेल्या खेपेस आर्नाजच्या पाण्यात दुसऱ्या गिअरवर गाडी फिरली होती, तेथे तिसरा ठेवून पाहायचा आहे.